नदीने उतरत आलेली राजधानी

पणजीच्या मुख्य चर्चच्या माथ्यावर, नागमोडी जिन्यांच्या बरोबर वर, सव्वादोन टन वजनाची एक घंटा टांगलेली आहे. ती मुळात या चर्चची नव्हे. जुन्या गोव्यात ऑगस्टिनियन पाद्र्यांचा मोठा मठ होता, त्या मठाची ती घंटा. 1835 साली पोर्तुगीज सरकारने सगळ्या धार्मिक संघांचे मठ बंद केले, पाद्र्यांना बाहेर काढले आणि मठ ओस पडला. पुढच्या सात वर्षांत मठाच्या चर्चचे छतही खाली आले. घंटा त्याआधीच निघाली होती. आधी ती मांडवीच्या मुखाशी आग्वादच्या किल्ल्यावर गेली. तिथे तीस वर्षे काढून 1871 साली पणजीत आली. तिला पेलता यावे म्हणून चर्चचा माथा वाढवून भक्कम करावा लागला. म्हणजे पर्यटक हौसेने ज्याचा फोटो काढतात त्या पांढऱ्याशुभ्र दर्शनी भागाला आजचे रूप आले ते दुसरीकडून आलेल्या एका घंटेमुळे.

पणजीत पाहण्यासारखे जे जे आहे, त्यातले पुष्कळसे असेच बाहेरून आलेले आहे, आणि बहुतेक एकाच ठिकाणाहून. मांडवीच्या वरच्या अंगाला नऊ-दहा किलोमीटरवर असलेल्या जुन्या गोव्याहून घंटा आली, क्रूस आला, खांब आले, पुस्तके आली, आणि शेवटी राजधानीपणही आले. हे काही एका हुकुमाने झाले नाही. विजरई, म्हणजे पोर्तुगालच्या राजाचा गोव्यातला व्हाइसरॉय, पणजीत राहायला आला 1759 साली. पणजीला राजधानीचा दर्जा कागदोपत्री मिळाला 1843 साली. मधली चौऱ्याऐंशी वर्षे राजधानी वाटेत होती असेच म्हणावे लागते.

पणजी तेव्हा काय होती? ताळगावची एक वाडी. खाजनाची शेती, खारट चिखल, माडांच्या बागा, मासेमारांच्या झोपड्या आणि नदीकाठी आदिलशहाचा एक वाडा. सोळाव्या शतकाच्या उंबरठ्यावर युसूफ आदिलशहाने बांधलेला हा वाडा राहण्यासाठी जितका, तितकाच नदीवर नजर ठेवण्यासाठी होता. त्याच्याभोवती खाऱ्या पाण्याचा खंदक होता आणि तटावर पंचावन्न तोफा होत्या, असे सांगतात. जुन्या गोव्याकडे जाणारे प्रत्येक जहाज या तोफांच्या माऱ्यातून जायचे.

1510 साली पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कला याचा चांगलाच अनुभव आला. वर्षाच्या सुरुवातीला त्याने गोवा फारसे न लढताच घेतले, पण मे महिन्यात आदिलशाही फौज चालून आली आणि त्याला शहर सोडून गलबतांवर परतावे लागले. तोवर पावसाळा तोंडावर आला होता. मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे. मृगाच्या वाऱ्यात त्यावर लाटा फुटू लागल्या की शिडाचे जहाज समुद्रात नेता येत नाही. मागे आदिलशहाची फौज, पुढे खवळलेला समुद्र आणि मधल्या नदीत अडकलेले आरमार, वर पणजीच्या वाड्यातून तोफांचा मारा. रसद संपली तेव्हा खलाशांनी उंदीर आणि कातडे खाल्ल्याची नोंद पोर्तुगीज बखरकारांनी करून ठेवली आहे. शेवटी एका रात्री आल्बुकर्कच्या माणसांनी पणजीच्या वाड्यावर छापा घालून तोफा बंद पाडल्या. ऑगस्टमध्ये वारा पडल्यावर आरमार बाहेर पडले, नव्या कुमकीसह परतले आणि 25 नोव्हेंबर 1510 रोजी गोवा कायमचे पोर्तुगीजांच्या हाती गेले. ज्या वाड्याने त्यांना पावसाळाभर कोंडून धरले, त्याच वाड्यात पुढे त्यांचे विजरई राहायला येणार होते.

जुन्या गोव्याचे वैभव मराठी वाचकाला ऐकून माहीत असते. ज्याने गोवा पाहिले त्याने लिस्बन पाहायची गरज नाही, असे तेव्हा म्हणत. त्या वैभवाखालची जमीन मात्र घातकी होती. गोव्याचा चिरा सच्छिद्र असतो, पाणी त्यातून पाझरते. दाट वस्तीत संडासाचे खड्डे आणि विहिरी शेजारी शेजारी होत्या, आणि एकातले दुसऱ्यात झिरपत होते. 1543 साली पटकीची मोठी साथ आली, 1570 साली पुन्हा साथ, 1635 साली पुन्हा. शहाणी माणसे गावातल्या विहिरीचे पाणी पीत नसत. बाणगिणीच्या झऱ्याचे पाणी गुलाम घागरींतून आणत आणि रस्तोरस्ती विकत. 1608 ते 1610 या काळात तिथे राहिलेला फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल याने त्याचे वर्णन केले आहे. सोन्याने मढवलेल्या वेदींच्या त्या नगरात पिण्याचे पाणी विकत घ्यावे लागत होते. एवढी एक गोष्ट लक्षात घेतली तरी पुढे काय झाले ते कळते. त्यात डच आले. सतराव्या शतकात त्यांच्या आरमाराने मांडवीचे तोंड वर्षानुवर्षे अडवून धरले. व्यापार आटला आणि ज्यांना जमेल ते श्रीमंत नदीच्या खालच्या अंगाला पणेली, रायबंदर भागात मोकळ्या हवेत घरे बांधू लागले.

याच काळात एक काम झाले ज्याचे मोल मला पणजीतल्या कोणत्याही इमारतीपेक्षा अधिक वाटते. लिन्यारिसचा काउंट दों मिगेल द नोरोन्य हा विजरई असताना, 1633-34 मध्ये, पणजी ते रायबंदर असा सुमारे तीन किलोमीटरचा चिऱ्याचा बांध घातला गेला. देखरेख जेझुइट पाद्र्यांची होती. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरे आणि खाजने, आणि भरती-ओहोटीचे पाणी आत-बाहेर करायला बांधात कमानी. हा बांध होण्याआधी पणजी जवळपास बेटासारखी होती, जुन्या गोव्याहून तिथे जायचे तर होडीत बसावे लागे. बांध झाल्यावर घोडा आणि मचिला, म्हणजे पालखी, कोरड्या पायांनी पणजीत पोचू लागली. राजधानी खाली सरकवण्याचे त्या काउंटच्या मनातही नसेल, पण वाट त्याने करून दिली.

राजधानी हलवायचीच असे पहिल्यांदा ठरले ते मात्र पणजीसाठी नव्हे, मुरगावसाठी. आणि ते ठरवायला भाग पाडले छत्रपती संभाजी महाराजांनी. 1683 च्या नोव्हेंबरात विजरई आल्व्होरचा काउंट फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घालून बसला होता. संभाजीराजे स्वतः चालून आले, वेढा उधळला आणि 24 नोव्हेंबरच्या रात्री मराठ्यांनी जुन्या गोव्यासमोरचे जुवे बेट घेतले. दुसऱ्या दिवशी विजरई बेट सोडवायला गेला तो जखमी होऊन, कसाबसा जीव वाचवून परतला. त्यानंतर त्याने जे केले ते साऱ्या पोर्तुगीज इतिहासग्रंथांत आहे. तो सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशी गेला आणि आपला अधिकारदंड त्याने संताच्या हाती ठेवला. राज्य आता तूच राख, असा त्याचा अर्थ. शहर वाचले, कारण शहाआलमची मोगल फौज रामघाटाने कोकणात उतरू लागली आणि मराठ्यांना तिकडे वळावे लागले. पण धसका गेला नाही. 1684 च्या आरंभी मुरगावच्या भूशिरावर नवी राजधानी बांधायचे ठरले. तट, वाडा, इस्पितळ अशी कामे सुरू झाली. जुन्या गोव्यातल्या सरकारी इमारती पाडून त्यांचे दगड तिकडे न्यावेत, इथवर लिस्बनहून हुकूम आले. पण सरदारांना, पाद्र्यांना, व्यापाऱ्यांना त्या उघड्या खडकावर जायचे नव्हते. प्रत्येक नवा विजरई थोडे काम करी आणि थांबवी. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ते सगळे बारगळले. लोक जिथे जायला तयार नसतात तिथे राजाज्ञेने शहर वसत नाही, हे तेव्हा लिस्बनला कळले असावे. 1695 पासून विजरई पणेलीला राहू लागले होते. लोक ज्या वाटेने निघाले होते, तीच वाट शेवटी सरकारनेही धरली.

1759 साली एगाचा काउंट या विजरईने आणखी खाली उतरून आदिलशहाच्या जुन्या वाड्यात मुक्काम हलवला. इथे एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. जुन्या गोव्यातही आदिलशहाचा एक वाडा होता. तो 1560 पासून धर्मसमीक्षण संस्थेच्या, म्हणजे इन्क्विझिशनच्या ताब्यात होता. एका आदिलशाही वाड्यात लोकांच्या धर्माची झडती आणि शिक्षा, दुसऱ्यात राज्यकारभार. पोर्तुगीज गोव्याचे दोन्ही हात विजापूरकरांच्या भिंतींआड काम करत होते.

विजरई गेला तरी राजधानी जुने गोवेच होती. पोर्तुगालचा बलाढ्य मंत्री मार्केस द पोंबाल याने तर 1774 मध्ये जुने गोवे पुन्हा उभारायचा आदेश काढला. लिस्बन 1755 च्या भूकंपात जमीनदोस्त झाल्यावर त्यानेच ते नव्याने बांधले होते, म्हणून गोवाही बांधता येईल असे त्याला वाटले असेल. मजूर आणले, खोदकाम सुरू झाले आणि मजूर तापाने मरू लागले. काम बंद पडले. त्यानंतर जुन्या गोव्याला वाचवायचा प्रयत्न कोणी मनापासून केला नाही.

इकडे पणजी हळूहळू भरत होती. मोझांबिकमध्ये पैसा कमावून आलेल्या आंतोनियो जुआंव द सिकैरा याची आल्तिनोच्या टेकडीखाली माडांची बाग होती. लोक त्याला मोसमीकार म्हणत. त्या बागेच्या जागेवर झऱ्याच्या आसऱ्याने जी वस्ती झाली ती फोंताइन्यास. आज गोव्याच्या पोस्टकार्डांवर जी पिवळी, निळी, तांबडी घरे दिसतात ती इथली. पोर्तुगीज काळात दरवर्षी पावसाळ्यानंतर घर रंगवायचे आणि पांढरा रंग फक्त चर्चने वापरायचा असा दंडक होता, असे जुने लोक सांगतात. घरांच्या खिडक्या नीट पाहाव्यात. काचेच्या जागी शिंपल्याचे पातळ, चौकोनी तुकडे लाकडी पट्ट्यांत बसवलेले असतात. दुपारचे ऊन त्यातून दुधाळ होऊन आत येते, बाहेरच्याला आतले दिसत नाही. आता अशा खिडक्या फार थोड्या घरांत उरल्या आहेत आणि एक पट्टी निखळली तर ती बसवून देणारा कारागीर शोधावा लागतो.

याच पणजीत 1788 च्या डिसेंबरात पंधरा जणांना फाशी दिली. पोर्तुगीज सत्ता उलथून टाकण्याच्या पिंटोंच्या कटातले ते आरोपी. कट कांदोळीला शिजला, 1787 त फुटला. या कटाशी ज्यांचे नाव जोडले जाते ते गोमंतकीय पाद्री आबे फारिया तेव्हा युरोपात होते. पुढे पॅरिसमध्ये त्यांनी संमोहनाचे प्रयोग केले आणि माणूस झोपतो तो प्रयोग करणाऱ्याच्या कुठल्या अदृश्य शक्तीने नव्हे, स्वतःच्या मनाच्या सूचनेने, हे मांडले. आदिलशहाच्या वाड्याशेजारी त्यांचा पुतळा आहे, रामचंद्र पांडुरंग कामत या गोमंतकीय शिल्पकाराने घडवलेला, 1945 चा. खाली कोसळत असलेली स्त्री आणि तिच्यावर हात पसरून झेपावलेला पाद्री. नदीकाठच्या वाऱ्यात झगा उडतोय असे वाटावे इतका तो जिवंत आहे. गोव्यातला एवढा चांगला पुतळा मी दुसरा पाहिला नाही.

1812 साली इन्क्विझिशन कायमचे बंद झाले आणि त्याच्या वाड्यातला मोठा क्रूस पणजीत विजरईंच्या वाड्यात आणला गेला. 1918 साली गव्हर्नर काबो भूशिरावरच्या वाड्यात राहायला गेले तेव्हा तो फोंताइन्यासमधल्या सेंट सेबॅस्टियन चॅपलमध्ये आला. तो तिथे जाऊन पाहाच. क्रूसावरच्या येशूची मान सहसा खाली झुकलेली आणि डोळे मिटलेले असतात. इथे मान ताठ आहे आणि डोळे सताड उघडे. ज्यांची चौकशी व्हायची त्यांच्यावर दहशत बसावी म्हणून असे केले होते, असे सांगितले जाते. कारण काही असो, ज्या दालनात माणसांना उभे करून देवाधर्माचे प्रश्न विचारले गेले तिथे हे डोळे होते, हे आठवले की त्या छोट्याशा चॅपलमध्ये जीव गुदमरतो.

क्रूस आल्यानंतर सहाच वर्षांनी, 1818 साली, पणजीत महालक्ष्मीचे देऊळ उभे राहिले. पणजी ज्यात येते त्या तिसवाडी तालुक्यात सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली आणि लोक आपले देव पाठीवर घेऊन नद्या ओलांडून गेले. त्यानंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी तिसवाडीत पुन्हा देऊळ बांधायला परवानगी मिळाली ती ही. ही देवी मूळची ताळगावची, ती मयेला नेली होती आणि तिथून पणजीत परत आली, अशी परंपरा आहे. परवानगीमागे पणजीच्या हिंदू व्यापाऱ्यांचे वजन होते. आदिलशहाच्या वाड्याच्या मागेच म्हामाय कामतांचे घर आहे. फ्रेंचांपासून पोर्तुगीजांपर्यंत सगळ्यांशी त्यांचे व्यवहार चालत. त्यांच्या पेढीची दप्तरे आता पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहेत, पोर्तुगीज आणि फ्रेंचबरोबर मोडीतली मराठीही त्यांत आहे. मराठी अभ्यासकांनी त्यांच्याकडे जावे तितके ते गेलेले नाहीत.

पणजीला शहर केले दों मानुएल द पोर्तुगाल ई काश्त्रू याने. 1826 ते 1835 या काळात त्याने दलदली बुजवल्या, सरळ रस्ते आखले, सैन्यासाठी नदीजवळ लांबलचक बराक बांधली आणि 1832 मध्ये सार्वजनिक वाचनालय काढले. मठ बंद झाल्यावर त्यांची ग्रंथसंपदा याच वाचनालयात आली. तेच आजचे कृष्णदास शामा ग्रंथालय. सोळाव्या शतकात मराठीत ओवीबद्ध कृष्णचरित्र लिहिणाऱ्या गोमंतकीय कवीचे नाव आता या ग्रंथालयाला आहे.

1835 च्या जानेवारीत एक विलक्षण गोष्ट घडली. लिस्बनच्या उदारमतवादी सरकारने प्रमुख म्हणून नेमलेल्या नेवऱ्याच्या डॉक्टर बेर्नार्दो पेरिश द सिल्व्ह यांनी गोव्याची सूत्रे हाती घेतली. गोऱ्यांच्या वसाहतीवर इथल्या मातीतला माणूस. त्यांची सत्ता तीन आठवडेही टिकली नाही. लष्कराने बंड करून त्यांना हाकलले आणि ते मुंबईला गेले. मे महिन्यात त्यांच्या बाजूच्या शिपायांना गास्पार दियशच्या किल्ल्यात कापून काढले आणि किल्ला जाळला. तो किल्ला होता आजच्या मिरामारला. संध्याकाळी तिथल्या वाळूत भेळ खाणाऱ्या हजारोंपैकी क्वचितच कोणाला याची कल्पना असते, कारण तिथे याची खूण म्हणून काहीच ठेवलेले नाही. पणजीच्या महापालिकेने एक साधा फलक तरी लावायला हवा.

22 मार्च 1843 रोजी राणी दुसरी मारिया हिच्या फर्मानाने पणजीला शहराचा दर्जा आणि 'नोव्हा गोवा' हे नाव मिळाले. आदल्या वर्षीच मासिनेज वाड्यात वैद्यकीय शाळा सुरू झाली होती. तोच परिसर आता इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत गजबजतो. दगड अजून येतच होते. आझाद मैदानातल्या मंडपाचे कोरीव खांब जुन्या गोव्यातल्या डॉमिनिकन चर्चचे आहेत. त्या मंडपात आल्बुकर्कचा पुतळा होता. 1961 मध्ये गोवा मुक्त झाल्यावर तो काढून जुन्या गोव्याच्या संग्रहालयात नेला. ज्या वाटेने सगळे खाली आले, त्याच वाटेने आल्बुकर्क वर गेला. मैदानात आता गोवा मुक्तिलढ्याचे नेते त्रिस्तांव द ब्रागांझ कुन्हा यांचे स्मारक आहे.

19 डिसेंबर 1961 च्या सकाळी भारतीय सैनिक बेतीच्या बाजूने मांडवी ओलांडून पणजीत उतरले. शेवटचा गव्हर्नर जनरल व्हासालु ई सिल्व्ह तेव्हा पणजीत नव्हता. तो त्याच संध्याकाळी वास्को शहरात शरण आला, म्हणजे त्याच मुरगाव भागात, जिथे 277 वर्षांपूर्वी मराठ्यांच्या भीतीने राजधानी न्यायचे ठरले होते.

यानंतर पणजीचे राजधानीपण एकदा मतपेटीतही गेले. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात प्रश्न होता महाराष्ट्रात विलीन व्हायचे की वेगळे राहायचे. विलीनीकरणाच्या बाजूने 1,38,170 मते पडली, विरोधात 1,72,191. कौल उलटा लागता तर पणजी जिल्ह्याचे ठिकाण होऊन राहिली असती. विलीनीकरण हवे असणाऱ्या घरांत त्या निकालाचे दुःख फार दिवस होते, आणि ते खोटे नव्हते. पण याच पणजीतून 1962 पासून 'गोमन्तक' हे मराठी दैनिक निघते आहे आणि चार्ल्स कोरियांनी उभारलेल्या कला अकादमीत मराठी नाटकाला आजही प्रेक्षक आहे. 30 मे 1987 रोजी गोवा राज्य झाले, आदिलशहाच्या वाड्यात विधानसभा भरत राहिली आणि 2000 साली तीही नदी ओलांडून पर्वरीच्या पठारावर गेली.

पणजी पाहायला जाणाऱ्याला माझे एकच सांगणे आहे. बहुतेक जण पणजीत उतरतात आणि तिथून जुने गोवे 'करून' येतात. उलटे करा. सकाळी ऑगस्टिनियन मठाच्या मोडक्या मनोऱ्यापाशी सुरुवात करा आणि नदीच्या कडेने, रायबंदरवरून, लिन्यारिसच्या बांधाने पणजीत या. बांधावर गाडी थांबवून खाली उतरायला जागा आहे तिथे उतरा. एका हाताला मांडवी, दुसऱ्या हाताला खाजनातले पाणी, कमानींतून एकात एक मिसळताना दिसेल. हा बांध पावणेचारशेहून अधिक पावसाळे काढून उभा आहे. नदीवरचा नवा पूल 1970 त खुला झाला आणि 5 जुलै 1986 ला कोसळला. पुन्हा पूल होईपर्यंत लोक फेरीबोटीतून ये-जा करत होते. रायबंदरचा बांध मात्र तेव्हाही वाहता होता आणि आजही त्यावरून बसगाड्या धावतात. ज्या चिऱ्यांनी घोडे आणि मचिला पेलायच्या होत्या त्यांच्यावर एवढे ओझे टाकणे थांबवायला हवे. कमानींतला गाळ दरवर्षी काढायला हवा, कारण पाणी तुंबले तर मळा आणि फोंताइन्यास या वस्त्यांमधल्या घरांत ते शिरते, आणि दों मानुएलने बुजवलेली दलदल तिथे पावसाळ्यात पुन्हा वर येते.